वर आलेला तलाव

१

तलाव जमिनीतून वर आला होता.

परसात जमलेल्या माणसांपैकी कुणालाच काय बोलावं ते सुचत नव्हतं. चोरी झाली तर आरडाओरडा करता येतो, आग लागली तर पाण्यासाठी धावता येतं. पण इतके दिवस गुमान जमिनीत बसलेला पोहण्याचा तलाव सकाळी एका अंगाने गुडघाभर वर उचललेला दिसला, तर माणसाने करायचं तरी काय? निळ्या फायबरचा तो अख्खा हौद तिरका झाला होता. कडेच्या फरशा उखडून एकमेकींवर चढल्या होत्या. उथळ बाजूच्या पायरीपाशी हातभर लांब तडा गेला होता, आणि आत पाण्याचा टिपूस नव्हता.

आत्या दोन गल्ल्या पलीकडून जवळजवळ धावतच आली होती. तिचं सगळं आयुष्य विमा कंपनीत नुकसानीची पाहणी करण्यात गेलं होतं. जळलेली गोदामं, बुडालेल्या गाड्या, आपोआप फुटलेल्या दुकानाच्या काचा. खोटं बोलणारा माणूस आधी कुठे बघतो हे तिला पाठ होतं, आणि निवृत्त झाल्यापासून ती विद्या गंजत पडली होती. त्यामुळे भाच्याचा फोन आला तेव्हा वाईट वाटण्याआधी तिला चक्क आनंद झाला. मग त्या आनंदाची लाज वाटली. पण लाज वाटेपर्यंत चपला पायात गेल्या होत्या.

तलाव तिच्या दादाचा. दादा म्हणजे नगरपालिकेच्या तरणतलावावरचा पोहण्याचा मास्तर. गावातल्या अर्ध्या लोकांना त्याने पाण्यात ढकललं होतं आणि उरलेल्यांना धाकात ठेवलं होतं. गुडघे गेले, डॉक्टरांनी चालणं कमी करून पोहायला सांगितलं, तेव्हा मुलाने परसातच तलाव बांधायचं मनावर घेतलं. जागा दादाने ठरवली, फक्कीने रेघा त्याने मारल्या. क्रेनने हौद घराच्या छपरावरून उचलून आणला तेव्हा सगळी गल्ली माना वर करून बघत होती. मग आत पाणी आणि बाहेरून वाळू, दोन्ही एकाच पातळीने चढत जावीत म्हणून दादा दिवसभर लेव्हल धरून बसला होता. जेवायलासुद्धा उठला नाही.

तोच दादा आता घरात खिडकीकडे पाठ करून खुर्चीत बसला होता.

"धक्का बसलाय त्यांना," सून हळूच म्हणाली. "बाहेर येऊन बघायलाही तयार नाहीत."

तलाव बांधणारा ठेकेदार आला. त्याने उखडलेल्या फरशीखाली हात घातला आणि ओली वाळू बाहेर काढून दाखवली. "मागे कालवा आहे. जमिनीत कायम पाणी असतं. तलाव भरलेला असला की आतल्या पाण्याच्या वजनाने खाली बसून राहतो. रिकामा केला की त्याची होडी होते. खालचं पाणी त्याला वर ढकलतं. तुम्हा तिघांना मी समोर बसवून सांगितलं होतं ना, मला विचारल्याशिवाय रिकामा करायचा नाही म्हणून?"

"सांगितलं होतं," भाचा म्हणाला. "मग गळला असेल कुठेतरी."

"नाही हो. एका रात्रीत एवढं पाणी गळत नाही." ठेकेदाराने हात झटकले. "कुणीतरी पंप लावून उपसलंय."

२

पंपाची खोली परसाच्या टोकाला, शेजारच्या कुंपणाला लागून होती. कुलूप शाबूत होतं.

"किल्ल्या किती?" आत्याने विचारलं.

"दोन. एक स्वयंपाकघरातल्या खिळ्याला." भाच्याचा चेहरा कठीण झाला. "दुसरी शेजारणीकडे. पूर्वी जाणंयेणं होतं, तेव्हा दिली होती. आम्ही बाहेरगावी गेलो आणि बाबांची तब्येत ठीक नसली तर ती पंप चालू करायची."

भाचा आणि सून दोन दिवस सुनेच्या माहेरी गेले होते. आज रात्री परतायचे होते, पण सुनेच्या ऑफिसातून बोलावणं आलं म्हणून पहाटेच निघून आले. घरात दादा एकटा. तो झोपताना कानातलं यंत्र काढून ठेवतो, मग दाराशी बँड वाजला तरी त्याला पत्ता नसतो.

"सरळ आहे," भाचा म्हणाला. "घरातलं कुणी करणार नाही, कारण घरातल्यांना धोका माहीत होता. ठेकेदार स्वतःचंच नाव कशाला घालवेल? राहिली ती. किल्ली आहे, राग आहे. मी पोलिसांत जातो."

"थांब जरा. पोलीस कुठे पळून जात नाहीत."

आत्या खोलीत शिरली. पंपाशेजारी वाळूचं मोठं भांडं होतं. तलावातलं पाणी त्या वाळूतून गाळून परत जायचं. भांड्याच्या डोक्यावर एक दांडा होता. तो फिरवला की पाण्याची वाट बदलते. दादाने प्रत्येक जागेवर ठसठशीत अक्षरांत चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. घरातले सगळे आठवड्यातून एकदा दांडा 'वाळू धुणे' वर आणायचे; तेव्हाही पाणी बाहेर जायचं, पण वाळूतून जायचं. आज दांडा 'थेट बाहेर' वर होता. म्हणजे उपसणाऱ्याने पाण्याला वाळूचा स्पर्श होऊ दिला नव्हता.

"हे कुणी वापरतं का?"

"कधीच नाही," सून म्हणाली. "ते कशासाठी आहे तेही मला ठाऊक नाही."

कोपऱ्यात क्लोरिनचा डबा होता. माहेरी जाण्याआधी तो नवाकोरा आणला होता, असं सून म्हणाली. तो जवळजवळ निम्मा झाला होता. आणि जिथून पाणी बाहेर वाहून गेलं होतं, तिथल्या गवताचा पट्टा पांढुरका पडून करपला होता. आत्याने खाली वाकून ते गवत चिमटीत धरलं. ज्याला पाणी फेकूनच द्यायचं आहे, त्याने त्यात एवढं औषध कशाला ओतावं?

तिच्या अंगात जुनं वारं संचारायला लागलं होतं. तेवढ्यात रस्त्यावरून भोंगा वाजला. फाटकाशी पाण्याचा टँकर उभा होता आणि त्याच्या मागे आणखी एक येऊन थांबत होता.

ड्रायव्हरने मान बाहेर काढली. "तलाव भरायचाय ना? दुपारच्या आत भरून द्या म्हणून निरोप आहे."

३

टँकर या घरातल्या कुणी मागवला नव्हता. निदान तसं कुणी कबूल करेना. ड्रायव्हरला फक्त पत्ता मिळाला होता, आणि रात्री फोन घेणारा माणूस झोपायला घरी गेला होता.

"तिनेच मागवला असेल," भाचा म्हणाला. "केलं खरं, पण मग घाबरली."

"दुसऱ्याचा तलाव मोडायचा आणि मग तो भरायला पाणी मागवायचं? तू माझ्या कंपनीत असतास तर पहिल्याच दिवशी घरी पाठवलं असतं तुला."

शेजारीण दारातच भेटली. तिचं पाळणाघर होतं. आतून मुलांचा गलका ऐकू येत होता. भाच्याने सकाळी परसात उभं राहून तिच्या नावाने जे तोंड सोडलं होतं, ते अख्ख्या गल्लीने ऐकलं होतं. तिचे डोळे लाल होते.

"आत या, असं म्हणत नाही," ती म्हणाली. "मुलं आहेत."

"किल्ली कुठे आहे?"

तिने ती हातातच धरली होती. "कधीची परत द्यायची होती. पण त्या घराची पायरी चढायची हिंमत होत नव्हती."

"एवढं काय झालं होतं?"

 तिने दार थोडं ओढून घेतलं. "माझी मुलगी तुमच्याकडे पोहायला शिकायची. सरांनीच बोलावलं होतं. एकदा तिने पाण्यात शू केली. पाच वर्षांची आहे हो ती. सरांनी शिट्टी मारून सगळ्या मुलांना बाहेर काढलं. कोणी केलं ते हात वर करून सांगा म्हणाले. तिने खरं ते सांगितलं, हात वर केला. मग सगळ्यांसमोर 'घाणेरडी मुलगी' म्हणाले आणि औषध टाकून सगळं पाणी गाळून होईपर्यंत तिला तिथेच उभं ठेवलं. अजून ती आंघोळीच्या टबात बसत नाही. मी तेव्हा काही बोलले नाही, त्याची मला रोज लाज वाटते."

आत्याला दादाचा तो आवाज चांगला माहीत होता. त्याच आवाजाने तिला पोहायला शिकवलं होतं. तिची नजर आपोआप खाली गेली.

"काल रात्री पंप ऐकलास?"

"ऐकला. खूप वेळ चालू होता. पण विचारायला जाणार कोण? पुन्हा त्यांचं तोंड बघायचं नव्हतं मला." तिने पदराने नाक पुसलं. "आत्या, एका मुलाच्या आईचा फोन आला होता मघाशी. काय चाललंय तुमच्याकडे, म्हणून विचारत होती. माझ्या दारात पोलीस आले तर उद्या एकही मूल इथे येणार नाही. हेच माझं पोट आहे. मी नाही केलं हो."

"ठाऊक आहे मला," आत्या म्हणाली, आणि म्हणताना तिला जाणवलं की खरंच ठाऊक आहे.

४

दादासमोरचा चहा थंड झाला होता.

"दादा, काल संध्याकाळी पोहलास?"

"रोजच पोहतो."

"आणि मग?"

"मग काय? जेवलो, झोपलो. कानात यंत्र नव्हतं." तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून बोलत होता. ज्याला तलावात पिकलं पान पडलेलंही खपत नसे, तो मोडका तलाव बघायलाही उठला नव्हता, आणि हे कोणी केलं असेल असं त्याने एकदाही विचारलं नव्हतं. नुकसान झालेला माणूस पहिला तोच प्रश्न विचारतो. आत्याने आयुष्यभर तेच ऐकलं होतं.

ती मागच्या गच्चीवर गेली. दोरीवर दादाची पोहायची चड्डी, पंचा आणि तो पाण्यातून निघाल्यावर घालायचा तो झगा वाळत होता. झग्यावर फिकट डाग पडले होते.

"हे तू धुतलंस?" तिने सुनेला विचारलं.

"नाही. मी आत्ताच आले ना?" सूनही बुचकळ्यात पडली. "बाबांनी धुतले? त्यांना मशीन कुठून चालू होतं तेही माहीत नाही. हाताने धुतले की काय? आधीच बरं नाही त्यांना. डॉक्टरांनी गुडघ्याच्या गोळ्या बदलल्यापासून धड जेवत नाहीत."

शेवटचं वाक्य आत्याच्या कानावरून गेलं. तिला आता माणूस सापडला होता, आणि माणूस सापडला की तिचे कान बंद होत. दांड्याच्या खुणा कुणाला पाठ होत्या? दुपारच्या आत तलाव भरायला हवा, ही घाई कुणाला होती? दादाने काहीतरी सांडलं असणार. तेलाची बाटली, रंगाचा डबा, काहीतरी वेंधळेपणा. इतरांवर आयुष्यभर डोळे वटारले, आता स्वतःची चूक कबूल करायला जीभ रेटत नसेल. तिला हसूच आलं. आपण हे सगळ्यांसमोर छान उलगडून दाखवू, शेवटी दादाला जरा चिडवू, शेजारणीवरचा आळ निघेल आणि हसण्यावारी जाईल सगळं.

"सगळ्यांना बाहेरच्या खोलीत बोलाव," ती भाच्याला म्हणाली. "शेजारणीलाही. ठेकेदारालाही."

पुढे कितीतरी दिवस या वाक्याच्या आठवणीने तिचे कान तापत राहिले.

५

सगळे बसले. शेजारीण मात्र दाराशी उभीच राहिली. बस म्हटलं तरी बसली नाही.

आत्याने चष्मा पुसला, घसा साफ केला. तिला मजा येत होती, हे नाकारण्यात अर्थ नाही.

"ज्याने पाणी उपसलं त्याला तलाव मोडायचा होता, असं आपण धरून चाललो," तिने सुरुवात केली. "तिथेच चुकलो. मोडायला आलेला माणूस टँकर कशाला मागवेल? त्याला पाणी काढून पुन्हा भरायचं होतं, हे दोघं परत यायच्या आत. ते पहाटेच आले म्हणून त्याचा डाव फसला. शेजारीणबाईंना तलाव भरलेला असला काय आणि रिकामा असला काय, त्यांना कुणापासून काय लपवायचं होतं?"

शेजारणीने पहिल्यांदाच मान वर केली.

"धोका ज्यांना माहीत होता ते करणार नाहीत, हाही आपला समज. माहीत असूनही माणूस करतो. फक्त त्याला त्या धोक्याहून मोठी भीती कशाचीतरी असावी लागते." हे वाक्य तिने मघाशीच जमवून ठेवलं होतं. ठेकेदाराने मान डोलावली आणि तिला आणखी स्फुरण चढलं. "आता क्लोरिन बघा. फेकायच्या पाण्यात कुणी औषध ओततं का? म्हणजे आधी त्याने पाणी स्वच्छ करून बघितलं. ओतत गेला, ओतत गेला, पण मन भरेना. मग सगळंच फेकलं. तेही वाळूतून जाऊ न देता, कारण वाळूत ते अडकून राहिलं असतं. अंगावरचे कपडेसुद्धा स्वतःच्या हाताने धुतले. या माणसाचा राग तलावावर नव्हताच. त्या पाण्यात काहीतरी पडलं होतं, असं काहीतरी की—"

आणि तेव्हा तिने दादाकडे बघितलं.

त्याचे हात मांडीवर होते. औषधाने बोटांची सालं निघाली होती. तो त्या बोटांकडे अशा नजरेने बघत होता, की जणू ती दुसऱ्याच कुणाची आहेत. गोळ्या बदलल्यापासून धड जेवत नाहीत. सुनेचं ते वाक्य आता कुठे आत्याच्या कानात शिरलं, आणि तेलाची बाटली, रंगाचा डबा, सगळं एकदम विरून गेलं. पाण्यात काय पडलं होतं ते तिला कळलं. ती शरमेने इतकी चूर झाली की तोंडातलं वाक्य तसंच राहिलं.

"असं काय?" भाचा पुढे सरकला. "बोल ना आत्या. पाण्यात काय होतं?"

"मला..." तिने चष्मा काढला. "मला माहीत नाही. पुढचं काही जुळत नाही."

 मग दाराशी उभी असलेली शेजारीण बोलली. आवाज चढवला नाही.

"तुम्हाला माहीत आहे, आत्या. दिसतंय ते. पण तुम्ही इथे थांबलात तर हे माझ्याच दारात राहणार. मी काय करू मग?"

 एका बाजूला बाईचं पोट, दुसऱ्या बाजूला भावाची अब्रू, आणि ही दोन्ही एका खोलीत समोरासमोर आणून बसवली होती आत्यानेच. टाळ्या मिळतील म्हणून.

"तिला विचारू नका," दादा म्हणाला. "ती नाही सांगायची."

६

तो उठायला गेला, गुडघ्यांनी साथ दिली नाही, तो परत बसला. मग बसूनच बोलला, शिकवताना बोलायचा तसा, तुटक.

"पोट बिघडलं होतं. तरी पाण्यात उतरलो. पोहताना काही कळलं नाही. कळलं तेव्हा होऊन गेलं होतं."

सुनेने डोळ्यांना पदर लावला. भाचा जमिनीकडे बघू लागला. ठेकेदाराला कुठे बघावं तेच कळेना, तो उगाच खिशातला टेप चाचपत राहिला.

"जाळीने काढलं. औषध ओतलं. परत ओतलं. पण पाण्याकडे बघवेना. तुम्ही येऊन त्यात उतराल, या विचाराने जीव नकोसा झाला. तलाव उचलला जाईल हे मला माहीत होतं. ठेकेदाराने सांगायच्या आधीपासून माहीत होतं. एका रात्रीत काही होत नाही, असं मनाला समजावलं."

"बाबा, सांगायचं ना मला," भाचा कसाबसा म्हणाला. "त्यात काय एवढं..."

"थांब. अजून संपलं नाही." दादाने मान वर करून शेजारणीकडे बघितलं. "सकाळी हा तुमचं नाव घेऊन ओरडत होता. मी इथेच बसलो होतो. कानात यंत्र होतं. शब्द न् शब्द ऐकला, आणि गप्प बसलो. ओढवलं तर तुमच्यावर ओढवू दे म्हटलं. तलावात जे झालं ते पोटाने केलं. हे मी केलं. मला माफ करा, म्हणायलाही तोंड नाही."

शेजारीण रडत होती, पण पुढे आली नाही. आत्याला वाटलं, आता ती म्हणेल, असू द्या सर. ती तसं म्हणाली नाही.

"मला नका सांगू," ती म्हणाली. "तिला सांगा."

शेजारीण पुढे झाली. भाच्याने दादाचा एक हात धरला, आत्याने दुसरा. फाटकातून बाहेर, दहा पावलांवरच्या दुसऱ्या फाटकातून आत. एरवी पाण्यात माशासारखा फिरणारा माणूस, पण तेवढं अंतर चालायला त्याला फार वेळ लागला. गल्लीतले लोक बघत होते. भाचा त्यांच्याकडे वळून मोठ्याने म्हणाला, "यांची काही चूक नाही. चूक आमच्या घरातली आहे." त्यालाही ते जड गेलं.

मुलगी पायरीवर बसून खडूने फरशीवर काहीतरी काढत होती. दादाला बघताच ती उठली आणि आईच्या मागे गेली. दादा धडपडत त्याच पायरीवर बसला, म्हणजे दोघांची तोंडं एका उंचीवर आली.

"मी तुला घाणेरडी म्हणालो होतो," तो म्हणाला. "सगळ्यांसमोर."

मुलीने आईचा पदर घट्ट धरला.

"काल मीपण तेच केलं. तलावात. तू केलं होतंस त्याहून वाईट. मुद्दाम नाही केलं, झालं. तुझंही मुद्दाम नव्हतं. तू हात वर केलास. मी नाही केला. मी लपवलं."

 मुलीला त्यातलं काय पटलं आणि काय नाही, कळायला मार्ग नव्हता. मग तिने पदराआडून अर्धं तोंड बाहेर काढलं आणि अगदी साधेपणाने विचारलं,

"मग तुम्हाला कोण ओरडलं?"

 दादाने मुलाकडे बघितलं, बहिणीकडे बघितलं. दोघांपैकी कुणालाच त्याच्याकडे बघवलं नाही.

"कोणीच नाही ग," तो म्हणाला, आणि सकाळपासून कोरडे राहिलेले त्याचे डोळे त्या पाच वर्षांच्या मुलीसमोर घळाघळा वाहू लागले.